कुपवाडमधला जुना मेल सर्व्हर नव्या मशीनवर न्यायचाय, एका रविवारात उरकेल का?

स्टोअरवाला_कुपवाड · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

कुपवाड एमआयडीसीत मशीनिंगचा कारखाना आहे, तिथं मी नोकरीला. भरती झालो स्टोअरकीपर म्हणून. २०१४ ला साहेबांच्या केबिनमधला प्रिंटर चालू करून दिला आणि तिथंच फसलो. आता स्टोअर, कॅमेरे, हजेरीचं मशीन आणि मेल सर्व्हर, सगळं माझ्याच गळ्यात.

सर्व्हर म्हणजे २०१२ चा टॉवर. ऑपरेटिंग सिस्टिम सेंटओएस ६, मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स, खात्यातले मेल वाचायला द्यायला डव्हकॉट, वेबमेलला (ब्राउझरमध्ये मेल बघायला) राउंडक्यूब. ज्यानं बसवला तो पोरगा २०१६ ला पुण्याला गेला. जाताना एक शंभर पानी वही देऊन गेला. पहिल्या पानावर रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड, त्याखाली "बाकी सगळं सोपं आहे", पुढची सगळी पानं कोरी.

सेंटओएस ६ चे अपडेट ३० नोव्हेंबर २०२० ला बंद झाले. तेव्हापासून नवीन मशीन मागतोय, दरवेळी उत्तर एकच, "चाललंय न्हवं?" तीन आठवड्यांपूर्वी मिररमधल्या (एकच माहिती दोन्हीकडं ठेवणाऱ्या) दोन डिस्कपैकी एक गेली. उरलेलीचा रिपोर्ट काढला तर पेंडिंग सेक्टर (वाचताना अडणारे तुकडे) ८. परवा बघितलं तर २४. दोन्ही आकडे कागदावर छापून शेठच्या टेबलावर ठेवले, तेव्हा कुठं पाकीट उघडलं. नवीन मशीन आलंय: ३२ जीबी रॅम, २ टीबीच्या दोन एसएसडी. डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचा विचार आहे.

खाती ४६, मेल साधारण ३८० जीबी, सगळे मेलडिर पद्धतीनं. ११ जण पॉपवर (मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून) आउटलुक वापरतात, बाकीचे आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवून).

माझी खरी भीती वेगळी आहे. ऑफिस आधी सांगलीत गावभागात होतं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५), तेव्हा हाच सर्व्हर आम्ही दोघांनी खांद्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढवला. पाणी ओसरल्यावर कुपवाडला आणला, इंटरनेटची लाईन नवी घेतली, सर्व्हर पहिल्या झटक्यात चालू झाला. मी खूश. पुढं आठ-दहा दिवस आमचा एकेक मेल लोकांच्या स्पॅममध्ये जात होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता. एका गिऱ्हाईकाचा फोन आला, "कोटेशन पाठवणार होता ना?" ते काम गेलं. शेठ अजून ते उकरून काढतात.

आता शेठची अट: एकसुद्धा मेल बुडायचा नाही, आणि सोमवारी सकाळी ९ ला सगळं चालू पाहिजे.

माझा बेत असा. रविवारी सकाळी सर्व्हर बंद करायचा, बाहेरच्या यूएसबी डिस्कवर सगळे मेल कॉपी करायचे, नव्यात पेस्ट करायचे, डोमेनवाल्याकडं जाऊन एमएक्स (आमचे मेल कुठल्या सर्व्हरला यायचे ती नोंद) बदलायचा. बरोबर आहे का? आणि डेबियन १२ की १३?

मिरज_जंक्शन · रविवार, रात्री १०.०५

भाऊ, ४६ खात्यांसाठी कशाला जीव काढताय. भाड्याची मेल सेवा घ्या, मोकळे व्हा. २०२५ मध्ये स्वतःचा मेल सर्व्हर म्हणजे अंगणात स्वतःची विहीर खणण्यासारखं आहे.

स्टोअरवाला_कुपवाड · रविवार, रात्री १०.२०

मी सुचवलं होतं. शेठ म्हणाले, "आमच्या विहिरीला अजून पाणी आहे." (देवाशप्पथ, हेच म्हणाले. तुम्ही दोघं भेटला होता का कुठं?) गिऱ्हाइकांची ड्रॉइंग मेलमध्ये असतात, ती बाहेर ठेवायला ते तयार नाहीत. विषय संपला.

अजिंक्यतारा · रविवार, रात्री ११.१५

मी साताऱ्याचा. एमआयडीसीत बावीस वर्षं हेच केलं, आता घरी असतो. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, स्टोअरवाले दादा, तुम्ही तीन आठवडे एका डिस्कवर चालताय आणि तीही मरायला टेकलेली. रविवारची वाट कसली बघता? आज रात्री प्रत काढायला घ्या. त्यात नवी डिस्क घालून मिरर परत उभा करायचा मोह होईल, तो करू नका. नव्या डिस्कवर उतरवताना उरलेली डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचली जाते. २४ सेक्टर आधीच कुरकुरतायत, त्या ताणात ती गेली तर तुमच्याकडं काहीच नाही. आधी मेल बाहेर काढा. बॅकअप कुठं आहे, हे विचारायला भीती वाटते.

दुसरी गोष्ट, यूएसबी डिस्क विसरा. ती बहुतेक एनटीएफएस असणार. मेलडिरमध्ये प्रत्येक मेलची एक फाईल, आणि तिच्या नावात कोलन असतो. कोलनच्या पुढं ते पत्र वाचलंय की नाही, उत्तर दिलंय की नाही, याच्या खुणा असतात. विंडोजला फाईलच्या नावात कोलन चालत नाही. दुसरं म्हणजे आयमॅपवाल्याला मेल कधी आला ती तारीख डव्हकॉट फाईलच्या वेळेवरून सांगतो. साध्या कॉपी-पेस्टनं वेळ बदलली की २०१३ चं पत्रसुद्धा रविवारी आल्यासारखं दिसेल. हा प्रकार मी २०११ मध्ये स्वतः करून बसलोय. आमचे अकाउंटचे साहेब मला महिनाभर "आजची ताजी पत्रं" म्हणून चिडवत होते.

तर दोन्ही मशीन एकाच स्विचला लावा आणि आरसिंक हा कॉपीचा प्रोग्रॅम वापरा. वेळा, मालकी, परवानग्या जशाच्या तशा राहतील असा. मालकी नावानं नको, आकड्यानं न्या. मेलच्या युजरला नव्यातही तोच नंबर द्या, नाहीतर नव्यातला त्या नंबरचा भलताच युजर मेलचा मालक होतो. पहिली फेरी सर्व्हर चालू असतानाच करा. लागू देत एक दिवस, दोन दिवस. रोज रात्री एक फेरी मारा, ती फक्त बदललेलं उचलते. रविवारी सेवा बंद करून शेवटची फेरी, त्यात जुन्यातून पुसलेलं नव्यातूनही पुसायचा पर्याय चालू ठेवा. ही तासाभराच्या आत आटपायला हवी. एक अडचण येईल: नव्या डेबियनचं एसएसएच (दोन मशीनमधली सुरक्षित जोडणी) जुन्या सेंटओएसची होस्ट की (मशीनची ओळख) नाकारेल, जुनी एसएचए-१ सही आता बाद आहे. फक्त त्या एका जोडणीपुरती परवानगी द्या, कायमची नको.

तिसरी गोष्ट, एमएक्सला हात कशाला लावता? लाईन तीच, आयपी तोच. राउटरमध्ये २५, ५८७, ९९३ वगैरे पोर्ट जुन्याऐवजी नव्या मशीनकडं वळवा, किंवा नव्याला जुन्याचाच आतला पत्ता द्या. बाहेरच्या जगाला मशीन बदललंय हे कळायचं कारण नाही. २०१९ ला तुमचा सर्व्हर बिघडला नव्हता, आयपी नवा होता. त्या आयपीचा उलटा रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) लाईन देणाऱ्यानं लावला नसेल, एसपीएफमध्ये (तुमच्या नावानं कुठल्या आयपीवरून मेल येईल त्या यादीत) जुनाच आयपी राहिला असेल. समोरचा सर्व्हर अशा पाहुण्याला घरात घेत नाही. या वेळी डीकेआयएमची (बाहेर जाणाऱ्या मेलवरच्या सहीची) गुप्त की मात्र आठवणीनं नव्यात न्या, त्याच सिलेक्टरच्या (की ओळखायच्या) नावानं.

आता शेठच्या अटीबद्दल. बंद असलेला सर्व्हर मेल बुडवत नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर रांगेत ठेवून परत परत प्रयत्न करतो. पोस्टफिक्स तर मुळात पाच दिवस धरून बसतो. मेल बुडवतो तो अर्धवट उभा केलेला सर्व्हर. पोर्ट उघडा, पण खात्यांची यादी अजून भरलेली नाही, अशा वेळी मेल आला की तो ठणकावून सांगतो, "असा कोणी इथं राहत नाही." ५५० चं उत्तर. ते कायमचं असतं, पाठवणारा परत येत नाही. म्हणून नव्या पोस्टफिक्समध्ये पहिल्या दिवसापासून सॉफ्ट बाउन्स चालू ठेवा. मग तो कायमचा नकार द्यायच्या ऐवजी "नंतर या" म्हणतो. दोन दिवस सगळं नीट चाललं की बंद करा. विसरलात तर नसलेल्या पत्त्यांवर येणारा कचरा पाच-पाच दिवस दार वाजवत राहील.

राहिला पॉप. ११ जण आहेत म्हणालात. प्रत्येक फोल्डरमधली डव्हकॉट-यूआयडीलिस्ट नावाची फाईल न चुकता न्या, आणि जुन्या कॉन्फिगमध्ये पॉपच्या यूआयडीएलचा (प्रत्येक मेलच्या खुणेचा) फॉरमॅट काय लिहिलाय तो शोधून नव्यात तोच लिहा. आउटलुक त्या खुणेवरून ठरवतो की हा मेल मी आधी घेतलाय. खूण बदलली की तो सगळी पत्रं नवी समजून पुन्हा उतरवतो. दहा वर्षांचा मेल, ११ जणांकडं, सोमवारी सकाळी ९ वाजता. कल्पना करा.

स्टोअरवाला_कुपवाड · सोमवार, पहाटे १२.३०

सर, बॅकअप आहे. त्याच मशीनवर, त्याच डिस्कवर, दुसऱ्या फोल्डरमध्ये.

शिव्या द्या, मी ऐकतो. पहिली फेरी आत्ता लावली आणि मगच हे लिहितोय. एसएसएचनं तुम्ही म्हणालात तसंच अडवलं.

अजिंक्यतारा · सोमवार, सकाळी ६.१०

शिव्या कशाला. मी पण तसाच ठेवायचो.

हरिपूरकरीण · सोमवार, दुपारी १.२०

हळदीच्या एका पेढीचं कॉम्प्युटरचं काम बघते. सरांनी मेलचं सांगितलं, मी मेलच्या आजूबाजूचं सांगते, कारण आम्ही मागच्या वर्षी तिथंच तोंडावर आपटलो.

आमच्या हरिपूरला हळदीची पेवं असायची. वरून नुसती माती दिसायची, खाली कोणाची किती हळद आहे ते ज्याचं त्यालाच माहीत. २००५ च्या पुरात त्यातली कित्येक गेली. जुना सर्व्हर तसाच. ४६ खाती वरून दिसतात, पण त्याच्या पोटात कोण कोण काय ठेवून गेलंय ते कुणाला ठाऊक नसतं.

पोस्टफिक्समध्ये मायनेटवर्क्स म्हणून ओळ असते. त्यातल्या पत्त्यांना पासवर्ड न देता मेल पाठवता येतो. जुना महिनाभराचा लॉग काढा आणि लॉगिन न करता कोणी कोणी मेल पाठवलाय त्याची यादी करा. आमच्याकडं स्कॅनर निघाला, वजनकाट्याचा कॉम्प्युटर निघाला आणि इन्व्हर्टरचं एक कार्ड निघालं. तिघांतही सर्व्हरचं नाव नव्हतं, आकड्यातला पत्ता ठोकलेला होता. नव्या मशीनला जुनाच आतला पत्ता दिला तर यातलं बरंचसं आपोआप सुटेल.

पण सगळं नाही. नव्या डेबियनमध्ये टीएलएस (जोडणी कुलूपबंद करायची पद्धत) १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मुळातच बंद असतात. जुना स्कॅनर तेवढंच बोलतो. विंडोज ७ वर आउटलुक २०१० असलेलं कोणी आहे का? असणार. एखादा वयस्कर माणूस, नवीन कॉम्प्युटर नको म्हणणारा. त्याला आधी शोधा. स्कॅनरसाठी आतल्या आत बिनटीएलएसचा एक पोर्ट ठेवा, पण अख्ख्या सर्व्हरची कडी सैल करू नका.

राउंडक्यूबचा डेटाबेसही न्या. मेल सगळे आले तरी वेबमेलमधली पत्त्यांची वही त्या डेटाबेसमध्ये असते. आमच्या काकांची ६०० नावं त्यात होती. चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

आणि जुने लॉग पुसू नका. सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे १८० दिवसांचे ठेवायला लागतात.

मिरज_जंक्शन · सोमवार, दुपारी २.००

बरं, विहीर खणायचीच आहे तर निदान एक उपयोगाचं सांगतो. १२ की १३ विचारलं होतंत. १३ मध्ये डव्हकॉट २.४ आहे आणि त्यात कॉन्फिग लिहायची पद्धतच बदललीय, जुनी फाईल उचलून ठेवली तर सुरूसुद्धा होत नाही. १२ मध्ये २.३ आहे, तुमच्या जुन्या फाईलमधलं बरंचसं चालेल. नवं शिकायला महिना असेल तर १३ घ्या. तुमच्याकडं सहा दिवस आणि २४ सेक्टर आहेत.

स्टोअरवाला_कुपवाड · गुरुवार, रात्री ८.५०

१२ घेतलं. पहिली फेरी ३१ तासांनी संपली, २२ लाखांच्या आसपास फायली. डिस्कनं साथ दिली. पेंडिंग सेक्टर आता ४०, पण प्रत हातात आहे म्हणून झोप लागते.

ताई, तुम्ही म्हणालात तशी यादी काढली. नऊ पत्ते निघाले. आठ ओळखीचे. नववा रोज संध्याकाळी ६.०५ ला एक मेल पाठवतो, ठरल्या वेळेला. दोन दिवस वायर हाताळत फिरलो. क्वालिटीच्या वरच्या माळ्यावर, सीएमएम (पार्टची मापं घेणाऱ्या) मशीनला जोडलेला एक कॉम्प्युटर सापडला. दिवसभरात मोजलेल्या पार्टचा रिपोर्ट पाठवतो. ज्यांना पाठवतो ते साहेब २०१७ ला नोकरी सोडून गेलेत. त्यांच्या खात्यात २४०० च्या आसपास न उघडलेले रिपोर्ट आहेत. आठ वर्षं एक मशीन इमानानं पत्रं लिहितंय आणि वाचणारा कोणी नाही.

विंडोज ७ चा माणूसही सापडला. डिस्पॅचचे आमचे काका. ताई, तुम्ही ज्योतिष बघता का?

यूआयडीएलचा फॉरमॅट जुन्या कॉन्फिगमध्ये खरंच वेगळा होता, मूळचा नाही. सर, तुम्ही सांगितलं नसतं तर सोमवारी ११ जण माझ्या दारात उभे असते. एका पॉपवाल्याच्या खात्याची प्रत नव्यात घेऊन एका जुन्या लॅपटॉपवर चाचणी केली, एकही मेल दुबार आला नाही.

अजिंक्यतारा · गुरुवार, रात्री ९.३०

छान. रविवारी बंद करण्याआधी जुन्या पोस्टफिक्सची बाहेर जाणारी रांग रिकामी होऊ द्या. त्या रांगेच्या फायली उचलून नव्यात टाकायच्या भानगडीत पडू नका. त्यांची नावं आयनोडला, म्हणजे फाईलच्या डिस्कवरच्या आकड्याला, बांधलेली असतात.

स्टोअरवाला_कुपवाड · सोमवार, दुपारी ३.१०

झालं. कसं झालं ते सांगतो, कारण एके ठिकाणी माझी तंतरली होती.

रविवारी सकाळी १० ला सेवा बंद केल्या. शेवटची फेरी ४५ मिनिटं. खात्यांची यादी, पासवर्डचे हॅश, एलियास, डीकेआयएमची की, राउंडक्यूबचा डेटाबेस आधीच नव्यात होतं, फक्त ताजं करून घेतलं. जुन्याची नेटवर्कची वायर काढली, नव्याला त्याचा पत्ता दिला. १२ वाजता पहिला मेल बाहेरून आत आला. तासाभरात रांगेत थांबलेले सगळे येऊन पडले. भडंग खाल्लं.

दुपारी ४ ला माझ्या स्वतःच्या जीमेलवर चाचणीचा मेल पाठवला. जाईना. दुसरा पाठवला, तोही नाही. हात गार पडले, २०१९ डोळ्यापुढं. लॉगमध्ये जीमेलचा नकार: आयपीव्ही६ च्या (नव्या पद्धतीच्या आयपी) पत्त्याला उलटा रेकॉर्ड नाही. म्हटलं, आपल्याकडं आयपीव्ही६ आलाच कुठून? जुन्या मशीनवर तो बंद होता. मधल्या वर्षांत लाईन देणाऱ्यानं कधीतरी चालू करून ठेवलाय, राउटर वाटतोय, आणि नव्या डेबियननं न विचारता घेतला. पोस्टफिक्सनं जीमेलला त्याच पत्त्यावरून गाठलं. म्हणजे आयपी तोच ठेवूनसुद्धा आम्ही नव्या आयपीवरून गेलो.

पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वर ठेवलं, परत चालू केला. आणि सर, इथं तुमचा सॉफ्ट बाउन्स उपयोगी पडला, तुम्ही सांगितलेल्या कारणासाठी नाही तर उलट्या बाजूनं. जीमेलनं कायमचा नकार दिला होता, तरी आमच्या सर्व्हरनं पत्र परत न पाठवता रांगेत धरून ठेवलं होतं. माझ्या दोन चाचण्यांबरोबर शेठनी मोबाईलवरून एका गिऱ्हाइकाला पाठवलेलं एक पत्रही त्यात होतं. रांग ढकलली, तिन्ही गेली.

आज सकाळी ९ ला सगळे आले. ९.१५ ला डिस्पॅचच्या काकांचा फोन. त्यांना रविवारीच दुसरा कॉम्प्युटर लावून दिला होता, तक्रार मेलची नव्हती, "माझा गणपतीचा फोटो कुठंय?" डेस्कटॉपवरचा. तो राहिला होता. आणून लावला.

अजिंक्यतारा · सोमवार, दुपारी ३.४०

आयपीव्ही६ माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या काळात नव्हतं ते. बुधवारी सॉफ्ट बाउन्स बंद करा.

हरिपूरकरीण · सोमवार, दुपारी ४.०५

अभिनंदन दादा! जुन्या मशीनचं काय करताय? आणि त्या सीएमएमच्या रिपोर्टांचं?

स्टोअरवाला_कुपवाड · गुरुवार, सकाळी ११.२५

सॉफ्ट बाउन्स काल बंद केला.

जुनं मशीन स्टोअरला, रॅक क्रमांक ७ वर. लॉग त्यातच आहेत, एक प्रत नव्यातही घेतलीय. मशीनवर पिवळं टॅग लावलंय, "भंगार नाही. हात लावू नये." रजिस्टरला रीतसर नोंद केली, स्टोअरकीपर मीच असल्यामुळं सही पण माझीच. आणि त्या वहीच्या दुसऱ्या पानापासून लिहायला घेतलंय, अकरा पानं झाली.

सीएमएमचे रिपोर्ट मंगळवारपासून माझ्याकडं वळवलेत. पहिल्यातच एका बोअरचं माप १२ मायक्रॉननं जादा दिसलं. मला त्यातलं फार कळत नाही, पण छापून क्वालिटीच्या पोराला नेऊन दाखवलं. त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "हे रोज मिळेल का?"